रक्तस्राव : प्रथमोपचाराचा इतिहास

जखमेमुळे मोठी रक्तवाहिनी तुटून वेगाने वाहणारे रक्त वैद्यकीय मदत मिळेपर्यंत थोपवून धरण्यासाठी जवळच्या व्यक्तीने केलेल्या उपायांना तीव्र रक्तस्रावावरील प्रथमोपचार म्हणतात. प्रौढ माणसाच्या शरीरात सु. ५ लि. रक्त असते. त्याच्या एकतृतीयांशाहून अधिक रक्त झपाट्याने गेल्यास रक्तदाब उतरतो, त्वचा थंड व फिकी पडते, शुद्ध हरपू लागते आणि सामान्यतः ‘शॉक’ या नावाने ओळखली जाणारी अवसादाची अवस्था येते. मांडीतील मुख्य रोहिणी तुटल्यास काही मिनिटांतच मृत्यू ओढवू शकतो. या काही मिनिटांत शस्त्रक्रियातज्ञ जवळ असण्याचा संभव फारच थोडा. जवळ असतो तो सोबतचा सैनिक, कारखान्यातील सहकारी, शेतावरील शेजारी किंवा रस्त्यावरील वाटसरू. म्हणून या विषयाच्या इतिहासात दोन प्रश्न गुंतलेले आहेत : रक्त कसे थांबवावे आणि ते कोणी थांबवावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी प्राचीनांना सापडले होते. दुसऱ्याचे उत्तर मिळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले आणि ते अजूनही सर्वत्र आचरणात आलेले नाही.

तत्त्वे : रोहिणीतून येणारे रक्त लालभडक असून हृदयाच्या ठोक्यागणिक उसळून बाहेर पडते. नीलेतील रक्त काळसर असते व संथपणे पण सतत वाहते. केशिकांतून ते केवळ पाझरते. वाहिनी तुटताच तिचे तोंड आकुंचन पावते, रक्तातील बिंबाणू तेथे गोळा होतात आणि फायब्रिनाचे जाळे तयार होऊन रक्ताची गुठळी बनते. या क्रियेला रक्तक्लथन म्हणतात. लहान जखमेत एवढे पुरेसे होते. मोठ्या रोहिणीतील प्रवाहाचा जोर मात्र गुठळी धरू देत नाही. अशा वेळी बाहेरून करावयाचे उपाय चार प्रकारचे आहेत : जखमेवर दाब देणे, वाहिनी किंवा संपूर्ण अवयव बांधणे, क्लथनास मदत करणारे द्रव्य वापरणे आणि उष्णतेने वाहिनीचे तोंड बंद करणे. आजवरचे बहुतेक सर्व उपाय या चारांपैकी एका प्रकारात बसतात.

प्राचीन काळ : ईजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस या इ. स. पू. सु. १६०० मधील वैद्यकीय लेखात जखमेवर पहिल्या दिवशी ताजे मांस बांधावे व नंतर मध आणि स्निग्ध पदार्थ लावलेल्या पट्ट्या वापराव्यात, असे सांगितले आहे. भारतात सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्तस्तंभनाचे चार उपाय क्रमवार दिले आहेत. संधान म्हणजे तुरट द्रव्यांनी जखमेच्या कडा जुळवून आणणे, स्कंदन म्हणजे थंडाव्याने रक्त गोठविणे, पाचन म्हणजे भस्माने जखम सुकविणे आणि दहन म्हणजे डाग देऊन शिरा आकुंचित करणे. पहिल्या तीन उपायांनी रक्त न थांबल्यासच दहनाकडे वळावे, असा तेथील क्रम आहे. सौम्य उपायापासून आरंभ करून तीव्र उपाय अखेरीस योजण्याचा हा विवेक पुढे अनेक शतके यूरोपीय शस्त्रक्रियेत दिसत नाही. सुश्रुताने सर्पदंशावर दंशाच्या वर चार बोटे बंध आवळण्यास सांगितले आहे. अवयव आवळून बांधण्याचे तंत्र त्या काळी ज्ञात होते, हे यावरून कळते. मात्र त्याचा हेतू विष रोखण्याचा होता, रक्त रोखण्याचा नव्हे. सर्पदंशात असा घट्ट बंध बांधणे आज निषिद्ध मानले जाते.

रोमन लेखक सेल्सस (इ. स. पहिले शतक) याने दिलेला क्रम आजच्या वाचकासही ओळखीचा वाटेल. जखमेत कोरड्या तागाच्या धाग्यांचे बोळे भरावेत, वर थंड पाण्यातून पिळून काढलेला स्पंज ठेवून हाताने दाबावे, न थांबल्यास बोळे बदलावेत व शिर्क्याचा उपयोग करावा. तरीही न थांबल्यास वाहिनी दोन ठिकाणी बांधून मधे कापावी आणि हेही अशक्य असल्यास डाग द्यावा, असे तो सांगतो. गेलेन (इ. स. दुसरे शतक) याने वाहिनीच्या तोंडावर बोट ठेवून गुठळी धरेपर्यंत हलकेच दाबून धरण्याची रीत वर्णिली आहे. कॉर्दोव्हा येथील अरबी शस्त्रवैद्य अल्-झहरावी (सु. ९३६–१०१३) याने रोहिणीच्या रक्तस्रावासाठी डाग देणे, अर्धवट तुटलेली रोहिणी पूर्ण तोडणे, ती दोऱ्याने बांधणे आणि रक्तस्तंभक द्रव्य लावून वर घट्ट पट्टी बांधणे असे चार मार्ग सांगितले आहेत. थोडक्यात, हाताचा दाब, जखमेत कापड भरणे व बंध ही तीनही साधने प्राचीन व मध्ययुगीन वैद्यांना माहीत होती.

डागण्याकडून बांधण्याकडे : बंदुकीच्या दारूचा वापर वाढल्यावर यूरोपातील रणांगणावरील जखमांचे स्वरूप पालटले. गोळीची जखम विषारी असते या समजुतीने तीत उकळते तेल ओतण्याची आणि छेदनानंतर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची प्रथा रूढ होती. फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्र्वाझ पारे (सु. १५१०–९०) याच्याजवळील तेल १५३७ सालच्या इटलीतील मोहिमेत संपले. त्याने नाइलाजाने अंड्याचा बलक, गुलाबतेल व टर्पेंटाइन यांचा लेप वापरला. तेल न घातलेले जखमी दगावले असतील या धास्तीने तो दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून पाहावयास गेला. तेव्हा लेप लावलेल्यांना वेदना व सूज कमी होती, तर तेल घातलेले ज्वराने तळमळत होते. पुढे १५५२ मध्ये दांव्हिलिए येथील वेढ्याच्या वेळी त्याने पाय कापल्यानंतर डाग न देता रोहिण्या दोऱ्याने बांधल्या. ही पद्धत लगेच सर्वमान्य झाली नाही. एका मांडीच्या छेदनात अनेक वाहिन्या बांधाव्या लागत व तोवर रक्त वाहतच राही. दोरा बांधण्याइतका अवधी मिळावा म्हणून रक्तप्रवाह तात्पुरता अडविणारे साधन आवश्यक होते.

हे साधन म्हणजे टूर्निकेट किंवा आवळबंध. त्यामागील शास्त्र इंग्रज वैद्य विल्यम हार्वी (१५७८–१६५७) याच्या १६२८ सालच्या रक्ताभिसरणावरील ग्रंथात सापडते. दंडाला अतिशय घट्ट बंध बांधला असता मनगटातील नाडी थांबते व हात थंड पडतो. तोच बंध थोडा सैल केला असता नाडी परत येते, परंतु हात फुगतो व नीला टरारतात, असे त्याने दाखविले. सैल बंधाने खोलवरच्या रोहिणीतून रक्त येत राहते व त्वचेलगतच्या नीलेतून परत जाऊ शकत नाही, हा त्याचा अर्थ. हार्वीचा हेतू रक्त फिरते हे सिद्ध करण्याचा होता. प्रथमोपचाराच्या दृष्टीने या प्रयोगातून एक महत्त्वाचा नियम निघतो : अर्धवट आवळलेला बंध रक्तस्राव थांबविण्याऐवजी वाढवितो.

बंधात काठी घालून पिळण्याची युक्ती १६७४ मध्ये बझांसाँच्या वेढ्यात एत्येन मॉरेल या फ्रेंच शस्त्रवैद्याने योजली, असे मानतात. झां ल्वी पेती (१६७४–१७५०) याने १७१८ मध्ये स्क्रूने दाब कमीजास्त करता येईल असे उपकरण तयार केले. ‘फिरविणे’ या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून त्यास टूर्निकेट हे नाव पडले. हे उपकरण मदतनिसाने हाताने धरून ठेवावे लागत नसे, त्यामुळे मांडीचे छेदन पुष्कळच सुरक्षित झाले. तथापि हे सर्व शस्त्रवैद्याच्या पेटीतील साधन होते. जखमी त्या पेटीपर्यंत जिवंत पोहोचला तरच त्याचा लाभ.

प्रथमोपचाराचा उदय : अमेरिकन यादवी युद्धातील एक घटना ही उणीव स्पष्ट करते. शायलोच्या लढाईत ६ एप्रिल १८६२ रोजी दक्षिणेकडील सेनेचा सेनापती आल्बर्ट सिडनी जॉन्स्टन याच्या गुडघ्यामागील रोहिणीस गोळी लागली. त्याने आपल्या शस्त्रवैद्यास थोड्याच वेळापूर्वी इतर जखमींच्या शुश्रूषेसाठी पाठविले होते. रक्त बुटात साठत गेल्याने जखमेचे गांभीर्य कोणाच्या लक्षात आले नाही व तो रक्तस्रावाने मरण पावला. त्याच्या खिशात टूर्निकेट होते. साधन अंगावर असून ते वापरणारा हात मात्र जवळ नव्हता.

असा हात तयार करण्याचे प्रयत्न याच सुमारास सुरू झाले. सॉल्फेरीनोच्या लढाईनंतर (२४ जून १८५९) जखमींचे हाल पाहिलेल्या आंरी द्यूनां (१८२८–१९१०) याच्या पुढाकाराने १८६३ मध्ये रेड क्रॉसची स्थापना झाली व पुढील वर्षी पहिला जिनीव्हा करार झाला. जर्मन शस्त्रक्रियातज्ञ फ्रीड्रिख फोन एस्मार्ख (१८२३–१९०८) याने त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला. तिच्या उपयोगाच्या रीती पट्टीच्या कापडावरच चित्ररूपाने छापलेल्या असत, त्यामुळे अक्षरशत्रू सैनिकासही ती वापरता येई. रबरी पट्ट्याने अवयव रक्तहीन करून शस्त्रक्रिया करण्याची त्याची पद्धती १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. तेथील शिक्षणक्रमासाठी पीटर शेपर्ड या लष्करी वैद्याने लिहिलेली पुस्तिका १८७८ मध्ये तयार झाली. ती सर्वसामान्य नागरिकांसाठी होती. शेपर्ड स्वतः जानेवारी १८७९ मध्ये आफ्रिकेतील इसांडल्वानाच्या लढाईत मारला गेला. लंडनमधील हे कार्य पाहून एस्मार्खने १८८२ मध्ये कील येथे तशाच प्रकारची संस्था काढली. खाणी, रेल्वे व कारखाने यांतील अपघातांमुळे या शिक्षणास शांततेच्या काळातही मागणी आली. रक्त थांबविण्याचा अधिकार केवळ वैद्याचा नाही, हे तत्त्व येथे प्रथमच संस्थारूपाने मान्य झाले.

भारतीय संदर्भ : भारतीयांच्या संघटित रुग्णसेवेचे एक आरंभीचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. बोअर युद्धात १८९९ मध्ये मोहनदास गांधी यांच्या पुढाकाराने नाताळमध्ये सु. १,१०० भारतीयांचे पथक उभे राहिले व डॉ. बूथ यांनी त्यातील स्वयंसेवकांना शुश्रूषेचे शिक्षण दिले. भारतात रेड क्रॉस सोसायटी १९२० च्या अधिनियमाने स्थापन झाली. कारखाने अधिनियम, १९४८ अनुसार दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी ठेवणे व ती प्रशिक्षित व्यक्तीच्या ताब्यात देणे बंधनकारक करण्यात आले.

महाराष्ट्रातील ग्रामीण भागात कापल्यावर हळद दाबणे, दगडी पाल्याचा म्हणजेच एकदांडीचा रस पिळणे किंवा तुरटी फिरविणे हे उपाय परंपरेने चालत आले आहेत. तुरटीचा तुरटपणा सुश्रुताच्या संधान तत्त्वाशी जुळतो. दगडी पाला ही वनस्पती मात्र मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील असल्याने तिचा हा उपयोग फार प्राचीन असू शकत नाही. किरकोळ जखमांत असे उपाय चालून जातात. विळ्याने, ऊसतोडणीच्या कोयत्याने किंवा यंत्राने मोठी वाहिनी तुटली असता मात्र पाला शोधण्यात मोलाची मिनिटे जातात. माती, शेण किंवा राख भरल्यास धनुर्वाताचा धोका उद्‌भवतो. अशा जखमेस हवा असतो तो स्वच्छ कापडाचा व हाताचा जोरकस दाब.

टूर्निकेटची निंदा : विसाव्या शतकात टूर्निकेटबद्दल वैद्यांचे मत प्रतिकूल बनले. पहिल्या महायुद्धात खंदकातून जखमीस मागे आणण्यास अनेक तास लागत. तोवर बांधलेला अवयव रक्ताअभावी मृत होई, त्यास कोथ लागे व तो कापावा लागे. शिवाय अनेक बंध अरुंद, कमी आवळलेले किंवा अनावश्यक असत. अवयव वाचावा म्हणून बंध ठरावीक वेळाने सैल करण्याचा नियम पाठ्यपुस्तकांत आला. परंतु प्रत्येक वेळी सैल करताना आणखी रक्त जाई व रुग्ण हळूहळू खचे. परिणामी टूर्निकेट हा अगदी शेवटचा उपाय आहे, किंबहुना तो टाळावा, असे नागरी प्रथमोपचाराच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले.

या मतात एक तर्कदोष होता. रुग्णालयातील वैद्यास बंधामुळे गमावलेले पाय दिसत. बंध नसल्यामुळे वाटेतच मेलेली माणसे त्याच्यासमोर येत नसत. व्हिएटनाम युद्धातील मृत्यूंच्या अभ्यासातून सु. २,५०० अमेरिकन सैनिक केवळ हातापायांच्या जखमांतील रक्तस्रावाने मेले, असा अंदाज पुढे आला. यांतील पुष्कळांना दुसरी प्राणघातक इजा नव्हती.

पुनर्मूल्यमापन : ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकन लष्करी वैद्य फ्रँक बटलर व त्यांचे सहकारी यांनी रणांगणावरील उपचारांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. गोळीबार चालू असताना हातापायातून जोराने रक्त वाहत असल्यास टूर्निकेट हाच पहिला उपाय समजावा, असे त्यांनी सुचविले. अफगाणिस्तान व इराक येथील युद्धांत ही सूचना कसोटीस लागली. जॉन क्रॅग यांनी बगदाद येथील लष्करी रुग्णालयात २००६ मध्ये केलेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३२ रुग्णांच्या ३०९ अवयवांवर ४२८ टूर्निकेटे वापरलेली आढळली. केवळ टूर्निकेटमुळे एकही अवयव गमवावा लागला नाही. काहींना तंत्रिकांची तात्पुरती दुर्बलता आली. अवसाद सुरू होण्यापूर्वी बंध बसलेल्यांपैकी सु. ९०% जगले, तर त्यानंतर बंध बसलेल्यांपैकी सु. १०% च जगू शकले. दीर्घकाळ साधनाच्या माथी मारलेला दोष प्रत्यक्षात विलंबाचा होता, हे या आकड्यांवरून स्पष्ट झाले.

२००१ ते २०११ या काळातील ४,५९६ अमेरिकन लष्करी मृत्यूंची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सु. ८७% मृत्यू रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच झाले होते. या रुग्णालयपूर्व मृत्यूंपैकी सु. एकचतुर्थांश टाळता येण्याजोगे होते व त्यांतील सु. ९१% रक्तस्रावाने घडले होते. याउलट, ज्या रेंजर रेजिमेंटमधील प्रत्येक सैनिकास, केवळ वैद्यकीय साहाय्यकास नव्हे, रक्त थांबविण्याचे शिक्षण दिले होते, तेथे रुग्णालयापूर्वीचा टाळता येण्याजोगा एकही मृत्यू आढळला नाही.

याच काळात रक्तस्तंभक द्रव्येही नव्या रूपात आली. २००२ पासून वापरात आलेले झिओलाइटचे दाणे रक्तातील पाणी शोषून क्लथन घडवीत. परंतु त्यातून निर्माण होणाऱ्या उष्णतेने ऊतक भाजे. हा जुन्या दहनाचाच दोष नव्या वेशात होता. पुढे त्यांची जागा केओलीन ही माती लावलेल्या जाळीदार कापडाने घेतली. हे कापडदेखील जखमेत खोलवर भरून हाताने दाबावेच लागते. म्हणजे सेल्ससच्या रीतीचीच ही सुधारित आवृत्ती होय.

नागरी जीवनात प्रसार : बॉस्टन येथील मॅरेथॉन शर्यतीच्या वेळी १५ एप्रिल २०१३ रोजी झालेल्या बाँबस्फोटांत अनेकांचे पाय तुटले. प्रेक्षकांनी कमरपट्टे व कपडे यांचे बंध बांधले. अशा तात्पुरत्या बंधांपैकी पुष्कळ पुरेसे आवळलेले नव्हते. हार्वीचा नियम येथे पुन्हा प्रत्ययास आला. त्याच वर्षी अमेरिकन शस्त्रक्रियातज्ञांच्या पुढाकाराने हार्टफर्ड सहमती तयार झाली व २०१५ मध्ये नागरिकांना रक्त थांबविण्यास शिकविणारी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०१० च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत अवयव उंच धरणे व दूरच्या दाबबिंदूंवर दाब देणे हे जुने उपाय पुराव्याअभावी वगळण्यात आले.

भारतात अडचण केवळ ज्ञानाची नव्हती. रस्त्यावरील जखमीस हात लावल्यास पोलीस चौकशी व न्यायालयाच्या फेऱ्या मागे लागतील, या भीतीने वाटसरू दूर राहत. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये १३४ अ हे कलम घालून त्यांना कायद्याचे संरक्षण देण्यात आले. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास त्याच्या इच्छेविरुद्ध नाव वा पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

आजची पद्धती : या इतिहासातून निष्पन्न झालेली रीत पुढीलप्रमाणे आहे. प्रथम स्वतःची सुरक्षितता पाहावी व दुसऱ्या कोणास १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळविण्यास सांगावे. शक्य असल्यास हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातांत घालावी. कपडे फाडून जखम नीट पाहावी. स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी, शरीराचा भार देऊन दाबावे आणि रक्त थांबले का हे पाहण्यासाठी वारंवार उचलू नये. मांडीचा सांधा, काख किंवा खांदा येथील खोल जखमेत कापड ठासून भरावे व वरून दाबून धरावे. हातापायातून रक्त उसळत असल्यास किंवा दाबाने थांबत नसल्यास जखमेच्या ५ ते ८ सेंमी. वर, सांध्यावर नव्हे, रुंद टूर्निकेट बांधून रक्त थांबेपर्यंत आवळावे. त्याने वेदना होतात म्हणून ते सैल करू नये. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी व वैद्याखेरीज इतरांनी ते सोडू नये. सामान्यतः दोन तासांपर्यंत अवयवास कायमची हानी होण्याचा संभव कमी असतो. तयार साधन नसल्यास रुंद कापडात काठी घालून पिळावे. दोरी वा तार वापरू नये. मानेला बंध बांधू नये. छाती व पोट यांतील अंतर्गत रक्तस्राव बाहेरून थांबविता येत नाही. तेथे त्वरित रुग्णालय हाच उपाय. जखमेत रुतलेली वस्तू उपसू नये. रुग्णास आडवे ठेवावे, पांघरूण घालून ऊब द्यावी व तोंडाने काही देऊ नये.

हात, कापड आणि बंध ही तीन साधने सु. दोन हजार वर्षांपूर्वीच माहीत झाली होती. मधल्या काळात शस्त्रक्रियेने वाहिन्या बांधण्याची, जंतुसंसर्ग टाळण्याची व रक्त भरण्याची कला साध्य केली. परंतु तिचा लाभ रुग्णालयाच्या दारापर्यंत जिवंत पोहोचणाऱ्यासच मिळतो. त्या दारापर्यंतचे अंतर पार करून देण्याचे काम आजही जखमीच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचेच आहे आणि ते शिकण्यास काही तास पुरतात.